युगुम, योक आणि बेळगुंदीचं जू

मित्रांनो, नांगर ओढणाऱ्या दोन बैलांच्या मानेवर एक आडवं लाकूड असतं. ते मी, जू. बेळगुंदीच्या मष्णू सुतारानं मला बाभळीतून घडवलं आणि भावकू आप्पांच्या भातशेतीत मी तीस वर्षं राबलो. बेंदराच्या सणाला बैलांबरोबर मलाही हळदकुंकू लागायचं. जुवाला कुणी पाय लावायचा नाही, हा त्या घरचा दंडकच होता.

पुढं ट्रॅक्टर आला आणि मी गोठ्याच्या आढ्याला लटकलो. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. तेही सोसलं. पण परवा आप्पा कुऱ्हाड घेऊनच आले. "न्हाणीच्या चुलीला लई चांगलं जळंल," म्हणत त्यांनी मला खाली घेतलं. माझं धाबंच दणाणलं!

इतक्यात त्यांची लेक दिपाली धावत आली. ती बेळगावच्या कॉलेजात भाषा शिकते.

"आप्पा, थांबा! उद्या वक्तृत्व स्पर्धेत मला ह्याच्यावरच बोलायचंय."

"लाकडावर? त्यात काय बोलायचं गं?"

"तुम्ही ऐकायला या. मग खुशाल तोडा."

दुसऱ्या दिवशी मला मंचावर ठेवलेलं पाहून मुलं फिदीफिदी हसली. दिपाली बोलू लागली. "संस्कृतात ह्या जुवाचं नाव युग, लॅटिनमध्ये युगुम, इंग्रजीत योक. कुणी कुणाकडून उसनं आणलेलं नाही. ह्या भाषा एकाच घराण्यातल्या लेकीबाळी. त्यांच्या मूळ आजीनं, म्हणजे आदिभाषेनं, काही लिहून ठेवलं नाही, पण तिच्या घरचा हा शब्द प्रत्येकीनं जपला. आमच्या मराठीत तो जू होऊन नांदतोय."

परीक्षक बाई म्हणाल्या, "शब्द जपला, मान्य. पण ह्या वस्तूची आज कुणाला पर्वा आहे?"

दिपाली उत्तर द्यायला पुढं सरकली. तेवढ्यात मंचावरून जाताना निवेदकाचा बुटातला पाय माझ्यावर पडला.

"ए, जुवाला पाय लावू नको रं!"

मागच्या रांगेतून आप्पा गरजले होते. ते तरातरा वर आले, चपला काढल्या आणि मला हात लावून तो कपाळाला टेकवला.

"मिळालं उत्तर," बाई हसल्या. मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला म्हणता! पहिलं बक्षीस दिपालीचं. माझी छाती अभिमानानं फुलली.

मित्रांनो, जुनी वस्तू मोडायला काढाल, तेव्हा आधी तिचं नाव मोठ्यानं घ्या. हात आपोआप थांबेल. त्या संध्याकाळी दिपालीच्या आईनं, जयाबाईंनी, चूल पेटवताना विचारलं, "अवो, त्ये लाकूड तोडणार हुता न्हवं?"

मला ओसरीवर टांगता टांगता आप्पा म्हणाले, "लाकूड न्हाय गं. जू हाय त्ये."