शेवंती ब्लाऊज सेंटर

"धंद्याचं नाव?" वॉर्ड ऑफिसातल्या क्लार्कनं मान वर न करता विचारलं.

"शेवंती ब्लाऊज सेंटर."

शेजारी उभ्या असलेल्या सुनेनं चमकून पाहिलं. "आई, शर्मिष्ठा ठरलं होतं ना? पप्पांनी पेंटरला पण सांगितलंय."

शर्मिष्ठाबाईंनी फॉर्म क्लार्कपुढे सरकवला. दुकान नोंदवायच्या गुमास्ता लायसन्ससाठी ही त्यांची तिसरी खेप. आधी सर्व्हर बंद होता, मग साहेब जागेवर नव्हते. दहिसरच्या दुकानात लग्नाचे ब्लाऊज तसेच पडले होते आणि गुडघे बोलायला लागले होते.

"आधारवर शर्मिष्ठा आहे," क्लार्क म्हणाला. "मग शेवंती कोण?"

"मीच. माहेरचं नाव."

"मला माहीतच नव्हतं," ऋतिका म्हणाली. सुनेचा काय दोष? माहीत असलेली माणसं एकेक करून गेली होती.

नाव बदलायला तेव्हा कुठलं ऑफिस लागलं नव्हतं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं, चंद्रप्रकाशांनी, अंगठीनं त्यावर ‘शर्मिष्ठा’ लिहिलं, पेढे वाटले, संपलं. नवरीला विचारायची पद्धत नव्हती. आई होती तोवर माहेरी ‘शेवंते’ अशी हाक यायची. आई गेली आणि ती हाकही गेली. मशीनवर वाकलेल्या असताना त्यांना कधीकधी वाटायचं, मरायच्या आधी कुणीतरी एकदा तरी त्या नावानं हाक मारावी. साधीच हौस, पण घरात बोलून दाखवायची लाज वाटे.

"धंद्याला काहीही नाव चालतं," क्लार्क म्हणाला. "पण विचार करा, मावशी. नंतर बदलायचं तर परत ह्याच फेऱ्या."

"नाही बदलणार. टाका तेच."

चंद्रप्रकाश घरी कुरकुरले. "लोक म्हणतील, दुकान दुसऱ्या बाईला विकलं."

"म्हणू दे."

ते काही वाईट नव्हते. रिटायर झाल्यापासून दुकानाच्या पायरीवर बसून ब्लाऊजना हुक लावून देत. पेंटरला नव्या नावाचा निरोपही त्यांनीच दिला.

पाटी लागली, त्याच आठवड्यात नव्या टॉवरमधली एक बाई साडी घेऊन आली. तिनं पाटी वाचली आणि आत डोकावली.

"शेवंतीताई, फॉल-पिको करून मिळेल का?"

मशीन चालूच राहिलं.

"शेवंतीताई?"

शर्मिष्ठाबाई खाली मान घालून टीप मारत होत्या.

पायरीवरून चंद्रप्रकाशांनी आपल्या मालवणीत आवाज दिला, "अगो शर्मिष्ठा, तुकाच हाक मारतत."

तेव्हा त्यांनी मान वर केली.