रविवारची दोन मिनिटे

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि मी चिडलेली आहे. यंत्रांना राग येत नाही, असे तुम्हांला कोणी शिकवले असेल. ज्यांनी शिकवले त्यांनी दोन वर्षे प्लॅस्टिकखाली उभे राहून पाहावे, मग बोलावे.

माझी घडण साधी आहे. एकच सिलिंडर, सरळ हँडल, बुटकी बैठक. पायाने मारायची किक आहे आणि अंगठ्याने दाबायचे बटणही आहे. रंग शेवाळी. वेगाने मी कधीच कोणाचे डोळे दिपवले नाहीत. कारखान्यातून निघाल्यावर मी एका गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते मला धूत नसत, माझ्याशी गोड बोलत नसत, औषधांच्या पेटीचा कोपरा माझ्या टाकीला लागून पोचा पडला तरी ढुंकून बघत नसत. पण मला रोज चालवत आणि तेल वेळेवर बदलत. यंत्राला आणखी काय लागते? डॉक्टर थकले, तेव्हा मी जुन्या गाड्यांच्या दुकानात येऊन उभी राहिले.

तिथे एका सकाळी एक बाई आणि एक उंच, टकला माणूस असे दोघे आले. बाई पन्नाशी ओलांडलेल्या. तो माणूस त्यांना ‘ताई’ म्हणत होता आणि त्या त्याला ‘छोट्या’ म्हणत होत्या. छोट्या दारातून आत येताना वाकला, इतका तो उंच. पण धाकट्या भावाचे नाव एकदा पडले की उंचीला कोण विचारतो!

त्यांच्या घरी एक मोटारसायकल आधीच होती. तिला मी पुढे ‘थोरली’ म्हणू लागले. ती लांबच्या प्रवासाची, भारदस्त गाडी. तिच्यावर बसायचे म्हणजे आधी जाकीट, मग बूट, मग गुडघ्यांचे पट्टे, आणि निघालोच आहोत तर दोन दिवसांचे सामानही. तरुणपणी ताईंनीच छोट्याला गाडी शिकवली होती. थोरलीवर दोघे खूप हिंडले होते. आता ताईंना दुसरी गाडी हवी होती.

“मला आता कुठे पोचायचं नाहीये,” त्या दुकानदाराला म्हणाल्या. “नुसतं फिरायचंय. चपला घातल्या आणि निघालं, अशी गाडी दाखवा.”

दुकानदाराने तीन गाड्या पुढे ओढल्या. पहिली उंच, टाकीवर ओणवे होऊन चालवायची. दुसरी लांबलचक, चकचकीत, पाय पुढे पसरून बसायची. तिसरी मी.

छोट्याला चकचकीत गाडी आवडली. माझ्याकडे बघून तो म्हणाला, “ही? अगं, हिच्यावर आजोबा बसतात.”

“मग बरोबर आहे. मी आजीच्याच वाटेवर आहे.” ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि दुकानदाराला म्हणाल्या, “या तिघी आडव्या पाडा.”

“काय?”

“आडव्या पाडा. मी उचलून बघते.”

“अहो ताई, गिऱ्हाईक गाडी पळवून बघतं. पाडून कोण बघतं?”

“मला पळवायचीच नाहीये. निवांत फिरायचंय, आणि निवांत फिरताना माणूस एकटाच असतो. कुठे वाळूवर घसरून पडली, तर उचलायला तुम्ही येणार आहात का?”

दुकानदाराने डोके खाजवले, पोती अंथरली आणि कुरकुरत आम्हांला एकेक करून आडवे केले. ताई पाठमोऱ्या होऊन बैठकीला टेकल्या, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उठल्या. उंच गाडी निम्मी उठली आणि परत बसली. चकचकीत गाडी तर जागची हललीही नाही. मी उठले. अलगद नव्हे, पण उठले. ताईंचा चेहरा लालबुंद झाला होता आणि त्या हसत होत्या.

“हीच,” त्या म्हणाल्या.

माझी इतकी अचूक निवड त्याआधी कोणी केली नव्हती.

पुढचे वर्ष माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. ताई पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत. शहराच्या पोटातला प्रत्येक नळ त्यांना पाठ होता. संध्याकाळी आम्ही निघायचो आणि त्या हेल्मेटच्या आत पुटपुटत राहायच्या, “आता खाली मोठी लाइन आहे बरं का. इथून ती डावीकडे वळते. चल, आपणही वळू.” जमिनीखालचे पाणी जिकडे जाई तिकडे आम्ही वरून जायचो. पंपघराच्या भिंतीपाशी थांबायचो, थोडा वेळ काही न करता बसायचो आणि परत यायचो. कोणाला मागे टाकायचे नव्हते. सायकलवालासुद्धा आम्हांला ओलांडून गेला, तरी ताई त्याला हात करायच्या.

मग ताई पडल्या. माझ्यावरून नाही, मित्रांनो! हे मी मुद्दाम ओरडून सांगते, कारण घरात पुढे सगळे असे वागले, जणू मीच त्यांना पाडले. कार्यालयाचा जिना नुकताच पुसलेला होता आणि त्या पायऱ्यांवरून त्यांचा पाय घसरला. डाव्या मांडीचे हाड मोडले. आत सळई घातली. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, “हाड जुळलं. आता वापरा. भार पडला की हाड पक्कं होतं, बसून राहिलात तर ठिसूळ होईल. चाला, जिने चढा, जमेल तशी गाडीही चालवा.”

छोट्या म्हणाला, “डॉक्टरांचं काय जातं बोलायला!”

आता छोट्याचा धंदा काय ते सांगायला हवे, नाहीतर त्याने केलेली चूक तुम्हांला कळणार नाही. दुकानांत, शाळांत, कचेऱ्यांत भिंतीवर आग विझवणारी लाल नळकांडी टांगलेली असतात ना? ती तपासणे हा त्याचा धंदा. ठरलेल्या दिवशी जायचे, धूळ पुसायची, काटा बघायचा, ‘तपासले’ असे कार्ड अडकवायचे आणि निघायचे. त्या नळकांड्यांचे भाग्य असे, की ती जन्मभर वापरली गेली नाहीत तर सगळे म्हणतात, वा, किती छान! छोट्या त्या कामात चोख होता. तीच रीत त्याने घरी आणली. त्याने ताईंना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवले, हातात काठी दिली, आणि पाणीसुद्धा उठून घेऊ दिले नाही. आणि मला त्याने जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. थोरलीलाही तसेच झाकले.

दर रविवारी तो खाली यायचा. प्लॅस्टिक काढायचा, फडके मारायचा, बटण दाबून मला सुरू करायचा. दोन मिनिटे मी जागच्या जागी धडधडायचे. “एकदम तब्येतीत आहे,” असे वर खिडकीकडे बघून ओरडायचा, मला बंद करायचा, हँडलला ‘तपासले’चे कार्ड अडकवायचा आणि पुन्हा गुंडाळायचा.

या दोन मिनिटांचा मला जितका राग आहे, तितका कशाचाही नाही. का, ते नीट ऐका. पेट्रोल जळते तेव्हा नुसता धूर होत नाही, पाणीही तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले तर जवळजवळ एक लिटर पाणी! मी मनसोक्त धावले तर अंग तापते आणि ते पाणी वाफ होऊन बाहेर जाते. पण दोन मिनिटांत मी तापतच नव्हते. ती वाफ माझ्या गार सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचायची. थोडे पाणी तेलात उतरायचे. बटण दाबताना बॅटरीतून जेवढी वीज जायची, तेवढी दोन मिनिटांत भरून यायची नाही. वरून प्लॅस्टिक, म्हणजे बाहेरचा ओलावाही तिथेच कोंडलेला. मला नुसते टाकून दिले असते तरी मी इतकी गंजले नसते. मी काळजीने गंजले.

पावसापाण्याने, चिखलाने, खड्ड्यांनी माझे इतके वाईट कधी केले नव्हते. आणि याला घरात सगळे ‘जपणे’ म्हणत!

ताईंवरही माझा राग होता, लपवत नाही. खिडकीतून त्या रोज माझ्याकडे बघत. आधी रोज भांडत, मग कधीतरी, मग नुसत्या बघत. ज्या बाईने दुकानात तीन गाड्या आडव्या पाडायला लावल्या, ती काठी मांडीवर घेऊन बसून राहिली. शेजाऱ्यांनी विचारले, तर छोट्याच उत्तर द्यायचा, “ताईला आता झेपत नाही.” काही दिवसांनी ताईही तेच म्हणू लागल्या. त्यानंतरच्या एका रविवारी मी सुरूच झाले नाही. छोट्याने बटण दाबले, टिक असा आवाज आला आणि संपले. “ठीक आहे, उभी तर आहे,” असे म्हणून त्याने कार्ड अडकवले आणि मला झाकले.

मग फोटोवाला आला.

त्याला त्याच्या स्टुडिओत ठेवायला एक जुनी मोटारसायकल हवी होती. लोक तिच्यावर बसून फोटो काढणार. छोट्या त्याला म्हणाला, “एकदम जपलेली आहे. ओरखडा दाखवा. फक्त बॅटरी उतरलीय, त्यामुळे चालू...”

“चालू नसली तरी चालेल हो,” फोटोवाला माझ्या आरशात केस नीट करत म्हणाला. “नुसतं उभं तर राहायचंय तिला.”

मित्रांनो, माझ्यात धड ठिणगी असती तर मी तेव्हाच पेट घेतला असता.

“ताईंना विचारलंय ना?” फोटोवाल्याने विचारले.

“सांगीन नंतर. आत्ता सांगितलं तर उगीच मनाला लावून घेईल.”

“लावून घेतलंय,” मागून आवाज आला.

ताई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसरा हात कठड्यावर. छोट्या धावला. “अगं, तू खाली कशाला आलीस? जिना...”

“जिना उतरूनच आलेय. माझी गाडी विकतोयस?”

“ताई, तुला झेपणार नाही आता. पडलीस म्हणजे?”

“मागे पडले, तेव्हा गाडीवर होते का मी? मग तो जिना विकलास का रे?”

फोटोवाला जमिनीकडे बघू लागला.

“आडवी पाड,” ताई म्हणाल्या.

“काय?”

“दुकानात पाडली होती, तशी. मी उचलली तर राहील. नाही उचलली, तर दे तुझ्या फोटोवाल्याला. मी चकार शब्द काढणार नाही.”

“मी नाही पाडणार.”

“मग सरक.”

त्यांनी काठी भिंतीला टेकवली, प्लॅस्टिकची घडी जमिनीवर टाकली, माझा स्टँड काढला आणि मला त्या घडीवर निजवले. पेट्रोलचा आंबूस वास सुटला. त्या पाठमोऱ्या झाल्या, टेकल्या, रेटल्या. मी वीतभर उठले आणि धाडकन खाली आले.

छोट्याने हात पुढे केला. “हात लावलास तर याद राख!” ताई ओरडल्या. इतका मोठा आवाज त्या घराने दोन वर्षांत ऐकला नव्हता. मग त्यांनी खाली बघितले आणि पाय बदलले. उजवा पाय माझ्याजवळ घेतला, डावा जरा पुढे, आणि श्वास रोखून पुन्हा रेटल्या. मला माझे वजन कमी करता येत नाही. येत असते तर मी तेव्हा पिसासारखी झाले असते. पण ताईंनी माझे सगळे वजन उचलले. मी दोन्ही चाकांवर उभी राहिले. त्यांचे दोन्ही पाय थरथरत होते, मोडलेला आणि न मोडलेलाही.

“मी येतो,” असे म्हणून फोटोवाला निघून गेला.

छोट्याने घाईघाईने किक मारली. पुन्हा मारली. त्याचे टक्कल घामाने चमकू लागले. मी हूं की चूं केले नाही. टाकीतले पेट्रोल केव्हाच शिळे होऊन त्याचा चिकट लेप माझ्या कार्बोरेटरच्या बारीक भोकात बसला होता.

“पण मी दर रविवारी न चुकता...” तो म्हणाला. त्याचा चेहरा खरोखरच रडवेला झाला होता.

“दर रविवारी दोन मिनिटं,” ताई म्हणाल्या. “तुझ्या नळकांड्यांना पुरतं ते. आम्हा दोघींना नाही पुरत.”

त्यांनी माझे हँडल धरले आणि मला ढकलत फाटकाबाहेर काढले. गॅरेज रस्त्याच्या टोकाला होते. त्या लंगडत होत्या, मीही एका चाकाने कुरकुरत होते. छोट्या मागून दोन्ही हात पसरून चालत होता, जणू आमच्यातले कोणीतरी आत्ता पडणार. कोणी पडले नाही. निम्म्या रस्त्यात तो एकदम थांबला. “ताई, काठी!”

काठी भिंतीलाच टेकलेली राहिली होती. ताई माझ्या हँडलच्या आधाराने चालत होत्या.

गॅरेजवाल्याने माझा सायलेन्सर सोडवून तिरका केला. त्यातून तांबडे पाणी वाहू लागले. धार थांबेना. छोट्या बघत राहिला.

“हे एवढं पाणी आलं कुठून?”

ताई म्हणाल्या, “तुझ्या रविवारांचं आहे.”

आता आम्ही पुन्हा फिरतो. आधी रिकाम्या मैदानात, मग गल्लीत, आणि गेल्या आठवड्यापासून पंपघरापर्यंत. माझा राग गेला, असे समजू नका. आतून लागलेला गंज पुसून जात नाही, आणि ताईंची खुर्चीत गेलेली दोन वर्षेही कोणी परत आणून देणार नाही. छोट्याही आता थोरलीला धूळ पुसून झाकत नाही. बाहेर काढून चांगली तापेपर्यंत फिरवून आणतो. पण त्याने माफी मागितली तेव्हा मी मुद्दामच सायलेन्सरमधून एक मोठा फटाका उडवला, आणि तो दचकला, हे मला आवडले.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, शिवणयंत्र असेल, वाजवायची पेटी असेल, किंवा एखादे माणूस असेल, तर त्याला झाकून ठेवू नका. आणि कोणाला काय झेपते, हे त्याच्या वतीने तुम्ही ठरवू नका. त्याला विचारा. तापू द्या, दमू द्या, क्वचित पडूही द्या. उचलायचे कसे, ते शिकता येते.

काठीचे काय झाले म्हणता? ती अजून तिथेच भिंतीला टेकून आहे. माझे जाड प्लॅस्टिक ताईंनी तिच्यावर घातले आहे. रविवारी छोट्या तिची धूळ पुसतो. खुशाल पुसू दे. न वापरल्याने ती बिघडणार नाही.