पहिली पंधरा मिनिटं

दर तीन आठवड्यांनी मी आमच्या अप्पर हट गावाहून ट्रेन पकडून शहरातल्या हॉस्पिटलात रक्त घ्यायला जातो. हाडांतला रक्ताचा कारखाना सत्तरीत बंद पडत आलाय, तेव्हा आता परक्याच्या पिशवीवर दिवस काढायचे. लोकांना सुईची भीती वाटते. मला मात्र त्या वॉर्डाची ओढ वाटते, आणि हे सांगायला लाजायचं वय आता गेलं. पिशवी सुरू झाली की पहिली पंधरा मिनिटं नर्सने शेजारून हलायचं नाही, असा तिथला नियम आहे. तीन आठवड्यांत माझ्याजवळ कुणी बसतं ते तेवढंच.

नर्सचं नाव रंगिमारी, इथलं माओरी नाव. मनातल्या मनात मी तिला रंगूबाई म्हणतो.

मुलगा अनिरुद्ध, सून सुखदा आणि नात श्रिया आठ महिन्यांपूर्वी ब्रिस्बेनला गेले. तिकडे चांगली नोकरी मिळाली. माझ्या व्हिसाची रांग मात्र माझ्या उरलेल्या आयुष्यापेक्षा लांब. मला एकटं टाकून अनिरुद्ध जायला तयार नव्हता. म्हणून मी देवव्रत काळे जन्माला घातले. शेजारी नवीन राहायला आलेत, मूळचे नाशिकचे, बँकेतून निवृत्त, बुद्धिबळात रडीचा डाव खेळतात. रक्त घ्यायला मला तेच गाडीने नेतात. व्हिडिओ कॉलचा त्यांना भारी तिटकारा. अनिरुद्ध निश्चिंत होऊन गेला. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'घरी सोबत कोण' या रकान्यातही मी काळ्यांनाच बसवलं आणि फोन नंबर आमच्याच घरचा दिला. एक खोटं घरात होतंच, दुसरं कशाला शोधायचं?

मागच्या खेपेला परतताना ट्रेनमध्ये हुडहुडी भरली होती. कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर हॉस्पिटलातून घरी फोन गेला असता, काळे उघडे पडले असते, आणि अनिरुद्ध नोकरी सोडून परत आला असता. मला पोराच्या गळ्यातली धोंड व्हायचं नव्हतं. म्हणून परवा निघण्याआधी पुण्याहून आणलेल्या दोन क्रोसिन घेऊन टाकल्या. आपल्याकडे सर्दीपासून संसारापर्यंत सगळ्यावर तेच औषध.

पंधरा मिनिटं झाली, रंगिमारी उठून गेली, आणि अर्ध्या तासात थंडी आली. मी शाल ओढली, जबडा आवळून धरला, तरी दात वाजायचे थांबेनात. शेवटी समोरच्या खुर्चीतल्या बाईंनीच तिला हाक मारली.

तिने धावत येऊन आधी पिशवी बंद केली. मग ताप पाहिला. ताप नव्हता.

"काही गोळी घेतलीत?"

"दोन. सकाळी."

"ताप असा झाकून ठेवलात तर आम्हाला कळायचं कसं?" आता ती खरंच चिडली होती. "रक्त साठवून ठेवलं की त्यातल्या काही पेशी फुटतात. त्यांच्यातून जे बाहेर पडतं, त्याने एखाद्याचं शरीर भडकून उठतं. बहुतेकदा थंडीतापावर निभावतं. पण साधी रिॲक्शन आणि जीवघेणी रिॲक्शन सुरुवातीला सारखीच दिसते. तुम्ही बोलला नाहीत तर आमच्या हातात काय उरतं?"

 माझ्या पोटात आठ महिने काय काय साठवलं होतं, ते तिला कुठे ठाऊक?

डॉक्टर येऊन तपासून गेले. जिवावरचं नव्हतं. रंगिमारीने माझ्यासमोरच फोन उचलला. "आज रात्री तुम्ही एकटे राहायचं नाही. मिस्टर काळेंना बोलावते."

तिच्या कानाला लागलेली रिंग मला ऐकू येत होती. माझ्याच रिकाम्या घरात, बंद खिडक्यांच्या आत, माझाच फोन वाजत होता. ती दुसऱ्यांदा नंबर लावायला लागली तेव्हा माझ्याने राहवेना.

"काळे नाहीत," मी म्हणालो.

"बाहेर गेलेत?"

"नाहीतच. मी बनवलेत."

ती हसली नाही. तिने खुर्ची ओढली. "पुढची पंधरा मिनिटं मी इथेच आहे. मुलाला तुम्हीच सांगा."

मी खिशातून मोबाइल काढला. अनिरुद्धने लगेच फोन घेतला. "बाबा, ऑल गुड ना? काळेकाका आहेत ना बरोबर? त्यांना द्या जरा."

"नाहीत रे. कधीच नव्हते."

 तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मीही रडलो, त्यात काय लपवायचं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याशी खरं बोललो होतो. मग फोन श्रियाच्या हातात गेला.

"आजोबा, व्हाय इज बाबा क्रायिंग? हू इज सिटिंग विथ यू?"

"नर्स आहे गं माझ्याजवळ."

"फॉर हाउ लाँग?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अजून चार मिनिटं, बाळा."