वेदच्या वतीनं

वरणभात चमच्यानं घोटता घोटता भीमाबाई स्वयंपाकघरातल्या भिंतीला ऐकवत होत्या. म्हणजे बाहेर बसलेल्या सुनेला नीट ऐकू जाईल इतपत.

"पोरगं समोर बसून हसतंय आणि आई त्याचं मृत्युपत्र करतेय. जीभ कशी रेटली हिची कोर्टात सांगायला!"

राजश्रीनं वेदच्या व्हीलचेअरचा ब्रेक पुन्हा एकदा तपासला.

वेद एकोणीस वर्षांचा. जन्माच्या वेळी डॉक्टरांकडून झालेल्या चुकीनं त्याला बोलता-चालता येत नव्हतं. हिवाळ्यात छाती भरली की डॉक्टर हल्ली राजश्रीला बाजूला घेऊन बोलत. भरपाईचे पैसे त्याच्या नावावर होते, पण ते त्याच्या मागं कोणाला द्यायचे हे ठरवण्याची समज त्याला येणार नव्हती. म्हणून विलायतेतल्या कायद्याप्रमाणे त्याच्या वतीनं कोर्टानं मृत्युपत्र करावं, असा अर्ज राजश्रीनं केला होता. नाहीतर कायद्यानं निम्मं तिला आणि निम्मं राकेशला.

राकेश म्हणजे भीमाबाईंचा मुलगा. वेद दोन वर्षांचा असताना कॉव्हेंट्रीला गेला आणि तिथं दुसरा संसार मांडून बसला. भीमाबाई इथं इल्फर्डलाच सुनेकडे राहिल्या. का, ते विचारायची कोणाची टाप नव्हती. राकेशचा फोन मात्र रविवार चुकवत नसे. परवा तो रडला होता.

"आई, बाप आहे ना मी त्याचा? तू एक शब्द टाक."

शब्द टाकायचं भीमाबाईंनी ठरवलं होतं.

कोर्टानं वेदसाठी नेमलेली वकील, सारा, वेळेवर आली. कोणी न सांगता तिनं बूट दाराशी काढले. भीमाबाईंनी ते पाहिलं आणि तिच्यासाठी चांगला कप काढला. साराचं इंग्रजी राजश्री मराठीत सांगू लागली.

"आई, त्या विचारतायत, वेदला समज असती तर त्यानं काय केलं असतं?"

"मला काय विचारते? मी त्याचं तोंड पुसते, मन नाही वाचत." भीमाबाईंनी नातवाला चमचा भरवला. "वॉशिंग मशीन गरगरायला लागलं की खिदळतो. तेवढंच मागणं आहे त्याचं."

सारा हसली, तिनं काहीतरी लिहून घेतलं. मग वडिलांबद्दल विचारलं.

भीमाबाईंनी चमचा वाटीत ठेवला.

"बाप आहे तो. रक्ताचा. त्याचंही नाव असावं."

राजश्रीनं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही. भीमाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

साराला आता अर्जातली वाटणी सगळ्यांसमोर सांगायची होती. राजश्री खाली बघून ते मराठीत सांगू लागली. "निम्मं मला. थोडं वेद दिवसा जातो त्या डे सेंटरला. आणि..." ती अडखळली. "उरलेलं तुम्हाला."

"मला?"

"त्याला भरवलं कोणी, आई? मी नाइट शिफ्टला असताना त्याची कूस कोणी बदलली?"

"बोलली नाहीस ते."

"बोलले असते तर तुम्ही भांडला असतात."

वेदनं पुढच्या घासासाठी तोंड उघडलं होतं. भीमाबाईंनी घास दिला, हनुवटी पुसली, मग पुसलेलीच हनुवटी पुन्हा पुसली. पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

"हिला सांग, माझं नाव काढा म्हणावं. आणि मघाशी राकेशचं बोलले, तेही खोडायला सांग."

"रागावलात का?"

"गप ऐक. माझ्याकडे आलं की त्याचा फोन येणार. तो रडणार. तो रडला की मला दुसरं काही सुचत नाही, कधीच सुचलं नाही. महिन्याभरात सगळं कॉव्हेंट्रीला पोचलेलं असेल."

सारा दोघींकडे आळीपाळीनं बघत थांबली होती. राजश्रीला इंग्रजीत सांगायचं सुचेना. तिचे डोळे भरले होते.

"रडतेस काय?" भीमाबाई म्हणाल्या. "राकेशला लांब ठेवलंस, बरं केलंस. पण त्याच्या आईवर विश्वास टाकलास, इथं तू कच्ची निघालीस, बाई."