चष्म्यातला उजवा हात

तर झालं काय, गव्हाणच्या दिनानाथ कोळ्याला लकवा आला आणि उजवी बाजू गेली! पाय घासत चालण्यापुरता सावरला, हात मात्र गेला तो गेलाच. तोंडसुद्धा अर्धं बधिर, चहा गळला तरी कळायचं नाही. मग त्याची लेक निशा त्याला पनवेलला फिजिओकडे न्यायला लागली. तिथली प्राची मॅडम डोळ्यांवर भलामोठा व्हीआरचा चष्मा चढवायची, आणि आत काय, तर आंब्याची बाग! तोडा आंबे, टाका टोपलीत.

गंमत अशी की, दिनानाथ हलवायचा डावा हात आणि चष्म्यात हलायचा उजवा. मॅडमने आधीच सांगितलं होतं, "काका, मेंदूला जरा फसवायचं, म्हणजे तो उजव्याला उठवायला बघतो." दिनानाथने मान डोलावली. पण मेंदू राहिला बाजूला, फसला दिनानाथच.

"बघलास गो निशा? कसा सरसर जातंय माजा हात!"

निशाला दिसायचं की उजवा हात मांडीवर तसाच पडलाय, ओल्या बोंबलासारखा. पण बाप हसत होता ना! अर्धंच, पण आजारपणानंतर पहिल्यांदा. ती म्हणायची, "बघितला, बाबा." एकदा म्हटलं, मग दर वेळी म्हणावंच लागलं.

इकडे दिनानाथच्या धाकट्या भावाने, जीवनने, त्याच्या होडीला गिऱ्हाईक आणलं. दिनानाथ खवळला. "होडी इकायची नाय! माजा हात चालतंय. इचार तिला!"

जीवनने निशाकडे बघितलं. निशा धुतलेली कोलंबी पुन्हा धुवायला लागली.

शेवटी मॅडमनेच तिला बाजूला घेतलं. "निशा, अंगठा हलतो थोडा, तेवढंच. याच्यापुढे काही येईल असं मला नाही वाटत."

रिक्षात सांगायचंच, असं ठरवून निशा बसली. उलव्यापर्यंत तोंड उघडलं नाही. आणि खाडी दिसली तशी दिनानाथनेच रिक्षा थांबवली!

जीवन होडीपाशीच होता. "जीवन, पाग आन! हात दावतंय तुला!"

पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. काठाला शिशाच्या गोळ्या. एक कड दातात धरायची, बाकीचं दोन्ही हातांवर, गिरकी घ्यायची आणि फेकताना तोंड उघडायचं. भरती होती, चार जण जमलेच.

"दादा, मासं पलालं बघ तुला बघून!" त्यातला एक ओरडला.

"बाबा, थांब," निशा म्हणाली, "तो हात..."

"तूच बघलास ना?"



त्याने कड दातात धरली, जाळं उजव्या हातावर टाकलं, तो हात खाली लोंबला. तरी गिरकी घेतलीच! पाग उघडलाच नाही, गोळा होऊन पाण्यात पडला. आणि बधिर तोंडाला कळलंच नाही, कड अजून दातात आहे ते. शिशाने तोंडाला हिसका दिला आणि दिनानाथ सरळ चिखलात.

कोणी हसलं नाही.

जीवनने उचलून त्याला होडीच्या काठावर बसवलं. ओठातून रक्त येत होतं. त्याने ते डाव्या हाताने पुसलं. मग म्हणाला, "इक रं होडी."

निशा त्याच्या उजव्या हाताचा चिखल धुवायला लागली, बोटं एकेक करून उघडत. दिनानाथ बघत होता, अनोळखी माणसाकडे बघतात तसा.

"निशा, यो कोनाचा हात गो?"

ती धूतच राहिली.