वारेची गाठ

मुलगी चंचल चालायला लागली तरी सुषमाचं अंगावरून रक्त जाणं थांबलं नव्हतं. भेस्तानमध्ये घराजवळच्या दवाखान्यात लघवी तपासली, तर दिवस गेल्याची पुसटशी खूण दिसली. पोटात मात्र मूल नव्हतं. मोठ्या इस्पितळात गर्भपिशवी साफ केली आणि निघालेला तुकडा तपासला. बाळंतपणातल्या वारेचा अंश आत राहून त्याचा कॅन्सर झाला होता. इंजेक्शनं सुरू झाली. सुषमाचं तोंड सोलवटलं, भाकरीचा घास गिळवेना. रक्तातली दिवस गेल्याची खूण मात्र तसूभरही उतरेना.

मग इस्पितळातल्या डॉक्टर वशीबेननी तो तुकडा दुसऱ्यांदा तपासून घेतला आणि सुषमाला नवऱ्यासह बोलावलं.

"आम्ही समजलो तो आजार हा नाही," त्या म्हणाल्या. "गाठ वारेचीच, पण फार क्वचित दिसणारी. ही इंजेक्शनला दाद देत नाही. अजून पिशवीबाहेर गेलेली नाही, तोवर पिशवी काढायला हवी."

"मग पुन्हा मूल?" गजेंद्रनं विचारलं.

"नाही होणार."

सुषमा टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिली. कुणा दुसऱ्याच बाईबद्दल बोलणं चाललंय, असं तिला वाटलं.

घरी सासू, प्रमिलाबाई, नातवाच्या आशेनं डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "वरीसभर थांबी जाय वं. एक आंडोर व्हऊ दे, मंग काढजो."

गजेंद्र कापडाच्या लूमवर कामाला जायचे कपडे घालत होता. बायकोच्या बाजूनं त्यानं शब्द काढला नाही. आईच्या बाजूनंही नाही.

पोळी लाटता लाटता सुषमा म्हणाली, "मी सकाय दवाखानामा जास, आत्याबाई. चंचलले सांभाळज्यात." तिच्या आवाजात राग नव्हता. राग यावा म्हणून ती क्षणभर थांबली, मग पोळी तव्यावर टाकली.

सकाळी ती कपड्यांची थैली भरून निघाली तेव्हा गजेंद्र लूमवरची पाळी बुडवून बरोबर आला. ऑपरेशनच्या कागदावर तिनं सही केली, तिच्याखाली त्यानं.

पिशवी निघाली. गाठ तीच होती, आणि पुढे पसरलेली नव्हती. शेजारणी भेटायला येऊन रडल्या. सुषमानंच त्यांना चहा दिला. प्रमिलाबाईंनी मुलाचा विषय पुन्हा काढला नाही.

दिवाळीनंतरच्या तपासणीत रक्त स्वच्छ आलं. वशीबेननी तिचा हात धरला. "सुषमा, तू बरी झालीस."

"बरं," सुषमा म्हणाली. बाहेर गजेंद्र चंचलला कडेवर घेऊन उभा होता. तिनं पोरीला आपल्याकडे घेतलं आणि भेस्तानची रिक्षा कुठं मिळेल ते विचारलं.