दोन बोटांचं तोंड

दातांच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं कवळ्या आणि कॅपा बनवणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी लॅबमध्ये कुणाला काही शिकवलं असेलच, तर एवढंच, की तोंडाला मास्क लावणारा कारागीर वाटत नाही, दरोडेखोर वाटतो. हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता, की लोक आधीच हसून मोकळे व्हायचे, म्हणजे पुन्हा ऐकायला नको.

लॅब म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. एका टोकाला धुळीने उघडेनाशी झालेली खिडकी, दुसऱ्या टोकाला बारीक वाळूचा मारा करून धातू घासायची काचेची पेटी. पेटीच्या झाकणाचं धूळ अडवणारं रबर फाटलं होतं. त्यावर मास्तरांनी चिकटपट्टी लावली होती आणि त्या दुरुस्तीचा त्यांना भलताच अभिमान होता. संध्याकाळी ते पांढऱ्या भुवया घेऊन घरी पोचायचे. बायको दारातच म्हणायची, "अहो, आधी आंघोळ. मग माणसांत या."

सुरुवात बोटांपासून झाली. गार पाण्यात हात घातला की बोटं मेणासारखी पांढरी पडायची, मग निळी, मग लाल. मास्तर ही करामत लॅबमध्ये दाखवू लागले. पुढे बोटं सुजली, अंगठी निघेना.

"बघ, आता सुटका नाही," ते बायकोला म्हणाले. ती हसली नाही.

मग चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या. मेहुणीने विचारलं, "भाऊजी, कुठलं क्रीम लावता?" मास्तर हवेत गेले. त्याच आठवड्यात त्यांनी केस काळे करून घेतले. "आजार अंगात मुक्काम ठोकत होता, आणि मी त्याच्या स्वागताला नटत होतो," असं पुढे तेच सगळ्यांना सांगायचे.

एका सकाळी सफरचंद चावायला गेले, तर तोंड पुरेसं उघडेचना. लॅबमध्ये कुणी नाही असं बघून त्यांनी जबड्याचं माप घ्यायचा ट्रे स्वतःच्या तोंडात घालून पाहिला. मोठा गेला नाही. मधला गेला नाही. लहान मुलांचा तेवढा गेला. हजारो तोंडांची मापं पाहिलेल्या माणसाने तो ट्रे धुऊन गुपचूप जागेवर ठेवला.

पहिल्या दोन डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "काम काय करता?" मग धूळ कसली, किती वर्षं, मास्क लावता का, हे सगळं लिहून घेतलं. "बोटं एकावर एक धरून तोंडात घाला बघू. किती जातात?"

दोन गेली. तीन जायला हवी होती.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटली आहे. त्यामुळे कातडी जाड होऊन आवळत चालली आहे, आणि फुप्फुसांतही तेच सुरू झालं आहे. "ही बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेल्यांमध्ये हा आजार जास्त दिसतो. तुम्हाला त्यानेच झाला, असं छातीठोक नाही सांगता येणार. पण त्या धुळीत परत जायचं नाही."

"म्हणजे माझाच वॉचमन मला बडवतोय?"

"साधारण तसंच."

"त्याचं काय चुकलं? पांढऱ्या भुवयांच्या माणसाला ओळखणार कसा तो?"

डॉक्टरीणबाई हसल्या. बायको मात्र रडायला लागली, तेव्हा मास्तर ओशाळले.

दुसऱ्या दिवशी ते लॅबमध्ये गेले. त्यांच्या शेजारी आठ वर्षं पॉलिशचं काम करणारी बाई उघड्या तोंडाने मोटरवर वाकली होती.

"मास्क लाव," मास्तर म्हणाले.

"दरोडेखोर दिसेन की!"

मास्तरांनी हळूच विचारलं, "तुझी बोटं पडतात का गं पांढरी?"

तिने मोटर बंद केली. "थंडीत पडतात थोडी. मला वाटलं, तुमची करामत मलाही जमायला लागली."

तिला घेऊन मास्तर तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि परत येऊन मालकाच्या खोलीत शिरले. "सव्वीस वर्षांत कुणाला काही झालं नाही," मालक म्हणाले. मास्तरांनी दोन बोटं तोंडात घालून दाखवली, वर तशीच ठेवून बोलायलाही गेले. शब्द एकही कळला नाही, लाळ तेवढी शर्टावर सांडली. मालकांनी "बघू" म्हणून तोंड फिरवलं.

बाहेर येऊन मास्तरांनी आपली लाडकी चिकटपट्टी टराटरा सोलून काढली, पेटीचा फ्यूज काढला आणि खिशात घातला. तीन दिवस काम अडलं. धुळीबद्दल डॉक्टरीणबाईंचं पत्रही मालकांना आलं. महिन्याभरात नवी पेटी आणि धूळ ओढून घेणारं यंत्र बसलं. मालकांचं म्हणणं, त्यांच्या डोक्यात ते आधीपासूनच होतं.

पॉलिशवाल्या बाईच्या तपासण्या सध्या ठीक आहेत. तरी दर सहा महिन्यांनी तिला दाखवायला जावं लागतं. मास्तर आता वेगळ्या खोलीत मेणावर दात बसवतात, गोळ्या घेतात आणि रोज सकाळी आरशासमोर तोंड वेंगाडण्याचा व्यायाम करतात. बायको आकडे मोजते आणि त्यांनी चोरी केली की पुन्हा एकपासून सुरू करते.

वर्षाने डॉक्टरीणबाईंनी पट्टीने माप घेतलं. तोंड वाढलं नव्हतं, पण आणखी मिटलंही नव्हतं. घरी जाताना मास्तर रस्ताभर बडबडत राहिले, आणि जिन्यात दम लागला तेव्हा उरलेलं बायको बोलली.